गोळी देऊनही जंत परत का येतात, आणि वावडिंग कधी, किती, कसं द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सात वर्षांची, वजन वीस किलो. रात्री झोपेत चुळबुळ करते, शीच्या जागी खाजवते, दोन-तीनदा तिथे पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक जंत दिसले. वर्षभरात तीन वेळा जंताची गोळी दिली. दर वेळी पंधरा-वीस दिवस बरं, की पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात गोळ्या पुरे झाल्या, वावडिंग द्या. म्हणून तुम्ही विचारलंय की मुळापासून जंत घालवणारं आयुर्वेदिक औषध कोणतं, किती द्यायचं आणि किती दिवस.

वावडिंगाचं प्रमाण खाली देतो. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, नाहीतर वावडिंगाचीही गत गोळीसारखीच होईल. तुमच्या वर्णनावरून मुलीच्या पोटातले जंत गोळीने दर वेळी मेले असावेत. आता दिसतायत ते नवे आहेत, आणि ते घरातूनच येतायत.

तुम्ही सांगताय ते लहान मुलांमधले नेहमीचे सुतकृमी. मादी साधारण एक सेंटिमीटर लांब, नर त्याहून बराच लहान. मूल झोपलं की मादी शीच्या जागेतून बाहेर येते आणि भोवतालच्या घड्यांमध्ये हजारो चिकट अंडी घालते. खाज सुटते ती त्यामुळे. मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांखाली जातात, सकाळी तोच हात तोंडात. चार ते सहा तासांत ही अंडी पुन्हा लागण करण्याजोगी होतात. चादरीवर, उशीवर, चड्डीत, खेळण्यांवर ती दोन-तीन आठवडे टिकतात. गिळलेल्या अंड्यातून निघालेला जंत महिनाभरात स्वतः अंडी घालू लागतो. तुमचे ‘पंधरा-वीस दिवस बरे’ या हिशेबात नीट बसतात.

याला जोडून दुसरी बाब. जंताची गोळी मोठे जंत मारते, अंड्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून सुतकृमीसाठी पहिल्या गोळीनंतर दोन आठवड्यांनी दुसरी लागते, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावी लागते. शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिनाची जी गोळी मिळते ती मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आखलेली आहे. ती जरूर घ्यावी, पण सहा महिन्यांतून एक गोळी सुतकृमीचं चक्र तोडायला पुरत नाही. तुम्ही तीनदा गोळी दिलीत ती फक्त मुलीला आणि दर वेळी एकच, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

खात्री कशी करायची? शौचाच्या तपासणीत सुतकृमी बहुतेक वेळा सापडत नाहीत, कारण अंडी शौचात नसतात, कातडीवर असतात. रिपोर्ट ‘काही नाही’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सकाळी मूल उठल्याबरोबर, शीला जाण्यापूर्वी आणि धुण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा शीच्या जागेवर हलका दाबून काढा, काचपट्टीवर चिकटवा आणि लॅबमध्ये द्या. सलग तीन सकाळी केलं तर सहसा चुकत नाही. काचपट्टी आदल्या दिवशी लॅबमधूनच मागून आणावी. रात्री झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी लावून बघितलं तर हलणारे पांढरे धागे डोळ्यांनीही दिसतात.

एक गैरसमज इथेच काढतो. दात खाणं आणि गालावरचे फिकट चट्टे ही जंतांची खूण मानायची आपल्याकडे सवय आहे. दात खाणारी कित्येक मुलं जंतमुक्त असतात. ते चट्टे बहुतेकदा कोरड्या कातडीचे असतात, खोबरेल तेलाने आणि ऊन टाळल्याने हळूहळू जातात. तेवढ्यावरून जंताचं औषध सुरू करू नका.

आता औषधाकडे. कोणतं औषध, हे कोणता जंत आहे त्यावर ठरतं. गोल मोठा जंत, वीतभर लांब, गांडुळासारखा, हा मातीतून येतो. त्याची अंडी मातीत दोन-तीन आठवडे पिकल्याशिवाय लागण करत नाहीत, म्हणून तो एका मुलाकडून थेट दुसऱ्याकडे जात नाही. अंकुशकृमी अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. भातखाचरात राबणाऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनीही वर येत नसेल तर याचा विचार करावा लागतो. चपट्या जंताचे पांढरे, शेवईच्या तुकड्यांसारखे भाग शौचात पडतात. आणि वारंवार आव, चिकट शी, पोटात मुरडा असेल तर ते जंत नसून अमीबा किंवा जिआर्डिया हे डोळ्यांना न दिसणारे परजीवी असण्याची शक्यता जास्त. तिथे वावडिंगापेक्षा कुड्याच्या सालीचा मान मोठा. वैद्य पांढऱ्या कुड्याची साल वापरतात. बाजारात तिच्यात काळ्या कुड्याची साल मिसळलेली असते, आणि मग ‘कुटजारिष्टाचा (कुड्याच्या सालीच्या तयार औषधाचा) गुण आला नाही’ म्हणून लोक औषधाला दोष देतात.

चरकाने आपल्या संहितेतल्या विमानस्थान या भागाच्या सातव्या अध्यायात कृमींची चिकित्सा तीन पायऱ्यांत सांगितली आहे: अपकर्षण म्हणजे जंत बाहेर काढणं, प्रकृतिविघात म्हणजे ज्या परिस्थितीत ते वाढतात ती पोटातली परिस्थिती बदलणं, आणि निदानपरिवर्जन म्हणजे ज्यामुळे ते झाले ते टाळणं. मला या मांडणीत आवडतं ते हे, की जंत काढून टाकणं ही त्यात फक्त पहिली पायरी आहे. तिथला एक तपशील मजेशीर आहे. जंत काढायच्या आधी रोग्याला दूध, गूळ, दही, तीळ, मासे, पिठाचे पदार्थ खायला द्यावेत म्हणजे जंत कोठ्याकडे, म्हणजे पोट-आतड्याकडे, ओढले जातात, आणि मग शोधन करावं, म्हणजे पोट साफ करणारं औषध द्यावं. घरोघरी आधी गुळाचा खडा आणि मग कडू औषध देतात, त्याचं मूळ इथे असावं. ‘गूळ खाल्ला की जंत होतात’ ही समजूतही तिथूनच उलटी फिरलेली दिसते. गुळातून जंत येत नाहीत, अंडं पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही.

वावडिंगाला चरकानेच ‘विडङ्गं क्रिमिघ्नानाम्’ असं म्हटलंय, म्हणजे कृमी मारणाऱ्या द्रव्यांमध्ये श्रेष्ठ. पण काष्ठौषधीच्या दुकानात वावडिंग म्हणून जे मिळतं ते दर वेळी खरं असतंच असं नाही. आख्खं फळ घ्या, तयार चूर्ण घेऊ नका. खरं फळ मिऱ्याहून थोडं लहान, गोल, तांबूस काळपट, वर सूक्ष्म सुरकुत्या, एका टोकाला बारीक चोच, दुसऱ्या टोकाला अनेकदा देठाचा तुकडा आणि पाच पाकळ्यांच्या चिमुकल्या कपाचा अवशेष. पाटावर ठेवून वाटीच्या बुडाने दाबून फोडा. आत एकच बी निघालं पाहिजे, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं आणि त्यावर पांढरट ठिपके. त्याचं एक संस्कृत नाव ‘चित्रतण्डुल’ आहे ते या ठिपक्यांमुळे. फळ फोडल्यावर आतून बारीक बिया भुरभुरल्या तर ते वावडिंग नव्हे, त्याच्या जागी खपवलं जाणारं दुसरं फळ आहे. चव किंचित तुरट, तिखटसर, जिभेला थोडा चरका देणारी. नुसतं लाकडासारखं लागलं तर माल जुना समजा.

त्यातलं मुख्य द्रव्य एम्बेलिन, केशरी रंगाचं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. घरगुती वापरातली मोठी चूक इथेच होते. आठ-दहा दाणे पाण्यात किंवा दुधात उकळून बाळाला पाजायची आपल्याकडची जुनी पद्धत गॅस, पोटफुगी यासाठी ठीक. पण त्या गाळलेल्या पाण्यात जंत पाडण्याइतकं द्रव्य उतरत नाही. गाळणीत राहिलेला चोथाच खरं औषध असतो आणि तो आपण टाकून देतो. जंतांसाठी वावडिंग चूर्ण म्हणूनच पोटात गेलं पाहिजे.

चूर्ण असं करा. दाणे निवडून खडे-काड्या काढा, तासभर उन्हात तापवा. भाजू नका. खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये बारीक करून वस्त्रगाळ करा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा. एका वेळी पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त करून ठेवण्यात अर्थ नाही.

प्रौढाला दिवसाला ५ ते १० ग्रॅम, दोन भागांत. तुमच्या मुलीच्या वजनाला १ ग्रॅम सकाळी आणि १ ग्रॅम संध्याकाळी, जेवणाआधी, चमचाभर मधात किंवा गुळात कालवून, वरून कोमट पाणी. चहाच्या चमच्यात सपाट अर्धा चमचा म्हणजे साधारण १ ग्रॅम भरतं, पण प्रत्येक घरचा चमचा वेगळा, म्हणून एकदा सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजून बघाच. सात दिवस द्यायचं, सात दिवस थांबायचं, पुन्हा सात दिवस. मळमळ किंवा पोटात आग झाली तर अर्धं करा, तरी थांबली नाही तर बंद करा. सलग महिना-दोन महिने देत बसू नका. त्याने काही वाढीव मिळत नाही, भूक मात्र बिघडते.

गर्भवतीने वावडिंग घेऊ नये, आणि ज्या बाईला दिवस राहायला हवे आहेत तिनेही नाही. विडंग, पिंपळी आणि टाकणखार एकत्र करून गर्भ राहू नये म्हणून वापरायचा योग आपल्या परंपरेतच आहे, आणि एम्बेलिनचा प्रजननावर परिणाम प्राण्यांवरच्या प्रयोगांतही दिसलाय. घरात सगळ्यांना एकदम औषध देताना हे विसरलं जातं.

आता माझं मत. सुतकृमीसाठी फक्त वावडिंगावर मी सहसा विसंबत नाही. कारण सोपं आहे. इथे सगळं घर एकाच दिवशी जंतमुक्त व्हायला हवं, आणि घरातले सहा जण सात-सात दिवस न चुकता दोन वेळा कडवट चूर्ण घेतील असं होत नाही. आजोबा तिसऱ्या दिवशी सोडतात, धाकटा थुंकतो, आणि चक्र चालू राहतं. अल्बेंडाझोल या जंतनाशकाची एक गोळी सगळ्यांना एकाच रात्री देता येते. म्हणून अपकर्षणासाठी गोळी आणि प्रकृतिविघातासाठी वावडिंग, अशी सांगड मी घालतो. गोळी ही आयुर्वेदाची शत्रू नाही, सासूबाईंनाही हे सांगा. त्यांचं वावडिंग कामाला येणारच आहे.

इतर वनस्पतींबद्दल तुम्ही यादी दिलीत, त्यांच्याविषयी सांगतो, कारण काही खरोखर धोक्याच्या आहेत.

कपिला म्हणजे शेंदरी झाडाच्या फळावरची लाल भुकटी. सह्याद्रीत हे झाड भरपूर आहे. चपट्या जंतासाठी तिचा जुना लौकिक आहे, आणि जंत मारून ती जुलाबही करते, म्हणून वेगळं रेचक लागत नाही. प्रौढाला अर्धा ते एक ग्रॅम, तेही वैद्याच्या देखरेखीखाली. जास्त झाली तर मुरडा आणि उलट्या. विटेची भुकटी किंवा गेरू मिसळून विकतात. थंड पाण्याच्या पेल्यात चिमूटभर टाका: खरी कपिला वर तरंगते, माती तळाशी बसते. मुलांना घरी देऊ नका.

पळसपापडी, म्हणजे पळसाचं चपटं तांबूस बी, गोल जंतांवर चालतं. बी ताजं हवं, साल काढलेलं हवं, परंपरेने ताकातून किंवा मधातून देतात. वर्षभर पडून राहिलेल्या बियांत जोर राहत नाही, आणि ताज्या बियांचं प्रमाण थोडं चुकलं तरी उलट्या आणि पोटात जळजळ होते. ही प्रौढांची आणि वैद्याच्या हातची गोष्ट.

किरमाणी ओव्याविषयी मात्र थांबून वाचा. त्यात सँटोनिन असतं, गोल जंतांवर ते एके काळी जगभर वापरलं जायचं. प्रमाण वाढलं की सगळं पिवळं दिसू लागतं, पुढे झटकेही येतात, आणि लहान मुलांत ही रेषा फार बारीक आहे. त्याहून मोठी भीती नावाच्या गोंधळाची. दुकानात ‘किरमाणी’ मागितला आणि ‘खुरासानी ओवा’ हातात आला तर ती संपूर्ण वेगळी, धोत्र्याच्या गणगोतातली विषारी वनस्पती आहे. तोंड कोरडं पडणं, बाहुल्या मोठ्या होणं, बरळणं, हे त्याने होतं. दोघांच्या नावात ओवा आहे एवढंच साम्य. घरच्या डब्यातला ओवा चिमूटभर गुळाबरोबर चालेल, तो पचनाला मदत करतो, जंत पाडत नाही.

डाळिंबाचं नाव घेताना लोक फळाची साल धरतात. चपट्या जंतावरचं औषध म्हणजे मुळाची साल, आणि तिच्यातली द्रव्यं चक्कर, अंधारी, अशक्तपणा आणतात. फळाची साल जुलाबात थोडी मदत करते, जंतांना नाही.

कडुनिंबाचं तेल मुलांना तोंडाने कधीच देऊ नका. अर्भकांना ते पाजल्यावर झटके आले, यकृत आणि मेंदूला इजा झाली, मृत्यूही झाले, अशा नोंदी आहेत. एक छोटा चमचाही नाही.

पपईच्या वाळलेल्या बिया मधातून देण्याचा प्रयोग २००७ मध्ये नायजेरियात ६० मुलांवर झाला आणि शौचातल्या परजीवींवर चांगला गुण दिसला. पण सुतकृमी शौचाच्या तपासणीत सहसा सापडतच नाहीत, म्हणून तो निष्कर्ष तुमच्या मुलीला लावता येत नाही.

तयार औषधांत कृमिकुठार रस आणि कृमिमुद्गर रस दुकानात सहज मागितले जातात. पहिल्यात हिंगूळ (पाऱ्याचं खनिज) आणि बचनाग (विषारी मूळ) आहे, दुसऱ्यात पारा, गंधक आणि कुचला (विषारी बी). ही उत्तम औषधं आहेत, पण नाडी, वय, वजन बघून थोड्या दिवसांसाठी द्यायची. अशा औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना कायद्यानेच छापावी लागते. ती वाचून परत ठेवा.

तर तुमच्या घरासाठी आखणी अशी करा. सुट्टीचा दिवस निवडा. आदल्या संध्याकाळी सगळ्यांची नखं मुळापर्यंत कापा. रात्री जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाने अल्बेंडाझोल घ्यायची: दोन वर्षांवरच्यांना ४०० मिलिग्रॅम, चावून. एक ते दोन वर्षांच्या बाळाला डॉक्टरांनी सांगितलं तर २००, त्याहून लहान बाळाला नाही. गर्भवतीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. यकृताचा आजार किंवा फिट्सचा इतिहास असेल तर त्याने आधी डॉक्टरांशी बोलावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मुलीची आंघोळ, आणि ती बादलीत बसून नव्हे, वरून पाणी घेऊन, म्हणजे रात्रीची अंडी वाहून जातील. रात्रीची चड्डी आणि चादर लगेच गरम पाण्यात. चादर झटकू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. झटकल्यावर अंडी हवेत उडतात आणि झाडू मारणाऱ्याच्या नाकातोंडात जातात. चादर घडी घालत हळू गुंडाळा. गाद्या-उश्या कडक उन्हात, खिडक्या उघड्या, कारण ऊन आणि कोरडी हवा या अंड्यांना सोसत नाही. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. रात्री घट्ट चड्डी आणि त्यावर पायजमा, म्हणजे हात थेट पोचणार नाही. झोपताना शीच्या जागी खोबरेल तेल लावा, खाज कमी राहते. रोज सकाळची आंघोळ आणि चड्डी बदलणं पुढे तीन आठवडे.

तिसऱ्या दिवसापासून मुलीला वावडिंग सात दिवस, वर दिल्याप्रमाणे. चौदाव्या दिवशी सगळ्यांची दुसरी गोळी, पुन्हा तीच धुलाई. सतराव्या दिवसापासून वावडिंगाचे दुसरे सात दिवस. या काळात मैदा, बेकरीचे पदार्थ, रोजचं गोड थोडं आवरा, जेवणात ताक, लसूण, शेवग्याच्या शेंगा, कारलं राहू द्या. भूक सुधारते ती यामुळे. तोंडात अंगठा घालायची किंवा नखं खायची सवय असेल तर तिच्यावर रागावू नका, रात्री सुती हातमोजे घाला. ज्या मुलीला रात्रभर खाज आहे आणि सकाळी ओरडा आहे, ती लपवायला शिकते आणि मग तुम्हाला कळतच नाही.

पस्तिसाव्या दिवसानंतर तीन सकाळी चिकटपट्टी. काही नसेल तर औषध बंद, वावडिंगही बंद. अंडी सापडली तर बाहेर लागण होतेय: बहुतेकदा रोज खेळणारी शेजारची मुलं, पाळणाघर, किंवा घरातलं कुणीतरी ज्याने गोळी खिशात ठेवली. त्या मुलांच्या आईवडिलांशी बोलावं लागेल, आणि त्यात लाज वाटण्याजोगं काही नाही.

पण पोट फुगून दगडासारखं झालं, हिरवट उलट्या होत असतील, उलटीतून जंत पडला, चेहरा पांढराफटक पडला, शी काळी होऊ लागली, किंवा शौचात चपटे तुकडे दिसले, तर यातलं काहीही घरी करत बसू नका. सरळ दवाखान्यात जा. घरात कुणाला चपट्या जंतासोबत डोकेदुखी किंवा झटके असतील तर जंताची गोळी आणि कपिला दोन्ही आधी थांबवा. डुकराच्या चपट्या जंताची अंडी मेंदूत पुटकुळ्या करतात, आणि त्या असताना जंतनाशक घेतलं तर सूज वाढून झटके येऊ शकतात. अंडी भाजीपाल्यातून पोटात जातात, म्हणून ‘आम्ही शाकाहारी आहोत’ हे त्यावरचं उत्तर नाही. आधी मेंदूचा स्कॅन, मग औषध.

दाखवायला जाताना मुलीचं वजन, आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक गोळीची तारीख आणि चिकटपट्टीचा रिपोर्ट सोबत न्या. सासूबाईंनी दुकानातून आणलेली पुडीही न्या, म्हणजे ते वावडिंगच आहे का हे फोडून बघता येईल.